दोन मॉड्यूलवर नऊ दिवस



"तू नेमकं करतोस तरी काय?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं. मी कारखान्यांतले मोठे ड्राइव्ह दुरुस्त करतो. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं कपाट. एक उदाहरण सांगतो, म्हणजे कळेल.

एका साखर कारखान्यात ऐन हंगामात आयडी फॅनचा ड्राइव्ह बंद पडला. हा फॅन बॉयलरचा धूर ओढून धुराड्यात सोडतो. ड्राइव्हमध्ये एकसारखी तीन मॉड्यूल शेजारी शेजारी. मोटरचा करंट तिघं वाटून घेतात. मधलं जळालेलं. नवीन यायला आठवडा तरी लागणार. गव्हाणीपाशी ट्रॉल्या, बैलगाड्या खोळंबलेल्या. तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं, साखरही घटते. शेतकऱ्याला पैसे वजनावर, म्हणजे फटका आधी त्याला.

जळालेलं मॉड्यूल काढून उरलेल्या दोनवर चालवायची सोय अशा काही ड्राइव्हमध्ये असते. सगळ्यांत नसते, हे आधी पुस्तिकेत बघावं लागतं.

सप्लाय तोडला, कुलूप लावलं. 690 व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये आत डीसी 900 व्होल्टच्या वर असतं आणि कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. पाच मिनिटं थांबायचं, मग मीटर लावून शून्य बघायचं. तेवढ्यात निम्मा कारखाना "झालं का?" विचारून जातो! शंभर किलोंहून जड मॉड्यूल चाकांवर बाहेर ओढलं, फायबर काढल्या, उघडी टोकं झाकली आणि रिकाम्या खणावर पत्रा लावला. हा पत्रा बरेच जण विसरतात. खण उघडा राहिला तर गार हवा तिथूनच निसटते आणि उरलेली दोन तापतात. शेवटी पॅरामीटरमध्ये सांगितलं, आता दोनच आहेत. मग ड्राइव्ह करंटची मर्यादा आपणहून खाली आणतो.

चीफ इंजिनिअरसाहेब म्हणाले, "तिनातली दोन, म्हणजे वेग 67 टक्के. एवढ्यावर बॉयलर काय चालणार?"

सर, तुम्ही शिकवलेलं त्रैराशिक इथे लागत नाही. फॅनला लागणारा टॉर्क वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. म्हणून 0.67 चं वर्गमूळ काढायचं, ते येतं 0.82. मोटरचा चुंबकनाचा करंट मात्र वेगाबरोबर घटत नाही, तो यातून वजा. पण ड्राइव्ह मुळात थोडा मोठा निवडलेला होता, ते जमेला. करंट बघत बघत वेग वाढवला आणि 80 टक्क्यांवर थांबलो. क्रेन असती तर मी हात लावला नसता. वजन उचलायला वेग कमी केला तरी टॉर्क तेवढाच लागतो.

बॉयलरवाल्यांनी बगॅस आणि भट्टीत हवा ढकलणारा फॅन, दोन्ही त्याच मापाने कमी केले. वाफ कमी, गाळप मंद, पण चालू. संध्याकाळी वरून निरोप आला, बगॅस थोडा वाढवा. मी आणि बॉयलर अटेंडंट, दोघंही नाही म्हणालो. धूर ओढणं कमी पडलं तर ज्वाळा भट्टीच्या दारातून बाहेर येतात, आणि दारासमोर तोच उभा असतो.

नवव्या दिवशी नवीन मॉड्यूल आलं. ते बसवून पॅरामीटर पुन्हा तीनवर केला. काढलेला पत्रा भंगारात निघाला होता. त्यावर ड्राइव्हचा नंबर रंगवून स्टोअरमध्ये ठेवायला लावला.