घरात येणाऱ्या ढेकण्या



मी राईस मिलचा कामगार. धानाची संगत जन्माची.

धान निसवून लोंबीत दूध भरलं की बांधीत गंधी ढेकण्या येतात. दाण्याचा रस शोषतात, दाणा पोचट राहतो. त्याच संध्याकाळी उजेड पाहून घरात शिरतात. चिरडल्या की घाण वास सुटतो. म्हणून चिरडू नका; झाडून साबणाच्या पाण्यात टाका. दिवेलागणीला दार लावा, अंगणातला दिवा विझवा, खिडकीला जाळी ठोका, फटी बुजवा.

पण शेतातलं औषध घरात फवारू नका! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, तेही उघड्या रानात. आपल्या बंद खोलीत तर लेकरं निजतात. वास धुतल्यानं जातो. गेलेलं लेकरू परत येत नाही.