पुन्हा कर, आलं ते लिही
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



माझी ओळख आत्ता 'पॅरिसला जाऊन आलेली' अशी करून दिली गेली. मग पॅरिसचंच सांगते. आयफेल टॉवरचे फोटो ग्रुपवर टाकले होते; ही गोष्ट मात्र टाकली नव्हती.

यंदा, 2019च्या जुलैमध्ये, तिथे आययूपॅकची जागतिक रसायनशास्त्र परिषद भरली. रसायनांच्या नावांचे नियम ठरवणारी हीच ती संस्था. तिला 100 वर्षं झाली आणि मेंडेलीव्हच्या आवर्तसारणीला 150. आपल्या प्रयोगशाळेतला तक्ता 103 वर संपायचा. आता 118 मूलद्रव्यं आहेत. एकाच वेळी इतक्या दालनांत व्याख्यानं, की पहिला दिवस माझा जिने चढण्या-उतरण्यातच गेला.

तिसऱ्या दिवशी माझं पोस्टर होतं. त्यावर यील्ड लिहिलं होतं 82 टक्के. खोटं नव्हतं. पण चार प्रयोगांपैकी एकदाच ते आलं होतं. बाकी तीन वेळा 50च्या आत. ते तीन आकडे मी लिहिलेच नव्हते.

एक विद्यार्थिनी बराच वेळ पोस्टरपाशी उभी होती. म्हणाली, "मी आठ महिने अशीच अभिक्रिया करतेय. मला इतकं कधीच मिळत नाही. माझ्याच हाताला जमत नसेल."

मला आपली प्रयोगशाळा आठवली. ओहमच्या नियमाच्या प्रयोगात मी आधी उत्तर काढलं आणि मग त्याला जुळतील अशी रीडिंग जर्नलमध्ये भरली. सर, तुम्ही पानावर लाल रेघ मारलीत आणि एवढंच म्हणालात, "पुन्हा कर. आलं ते लिही." मधल्या सुट्टीत मी रडले होते, माझ्या बाकावरचीला आठवत असेल.

त्या मुलीला मी चारही आकडे सांगितले. ती रागावली नाही. वहीत लिहून घेतले आणि मोकळं हसली. मला मात्र हसता आलं नाही.

परिषदेत मेंडेलीव्हचा विषय सगळीकडे होता. त्याने न सापडलेल्या एका मूलद्रव्याला 'एका-ॲल्युमिनियम' म्हटलं होतं. त्यातलं 'एका' म्हणजे संस्कृतातलं 'एक'. 1875 साली ते फ्रान्समध्येच ब्वाबोद्राँ यांना सापडलं, तेच गॅलियम. त्यांनी मोजलेली घनता 4.7, मेंडेलीव्हचं भाकीत 5.9. उत्तर समोर होतं, तरी त्यांनी नुसता आकडा बदलला नाही. गॅलियम आणखी शुद्ध केलं, पुन्हा मोजलं. तेव्हा 5.9 आलं.

परत आल्यावर मी तो प्रयोग आणखी सहा वेळा केला. सरासरी आली 47. शोधनिबंधात तीच लिहिली, आणि सगळे आकडे खाली कोष्टकात दिले. निबंध अजून छापून आलेला नाही. येईल की नाही, सांगता येत नाही.

सर, तुमची लाल रेघ 25 वर्षांनी पुन्हा कामाला आली. ती मारल्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानते.