पुतळे आणि त्यांचे मानकरी

बडोद्यास विश्वामित्रीच्या काठी, सयाजीबागेच्या तोंडाशी, महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड यांचा अश्वारूढ पुतळा उभा आहे. डरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने घडविलेला हा पुतळा 1907 साली महाराजांच्या कारकीर्दीच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने बसविण्यात आला. बडोदेकर त्याला ‘काळा घोडा’ म्हणतात. स्वाराचे नाव सोडून घोड्याचेच नाव घ्यावयाचे, ही लोकांची मौजेची रीत मुंबईतही आहे. तेथील काळ्या घोड्यावर सातवे एडवर्ड बसलेले होते. 1965 साली घोडा आणि स्वार दोघेही भायखळ्याच्या राणीच्या बागेत रवाना झाले. जागेचे नाव मात्र हलले नाही. पुढे 2017 साली त्या परिसरात पुन्हा एक काळा घोडा आला, पण त्याच्या पाठीवर कोणीच नव्हते.

एका शहरात स्वार घोड्यावर राहिला, दुसऱ्या शहरात तो उतरला. कोणी राहावे आणि कोणी उतरावे हे कशावरून ठरवावयाचे? परकी राजाच्या बाबतीत उत्तर सोपे असते. राज्य गेले की मूर्तीही जाते. परंतु गेल्या काही वर्षांत जगात हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला आहे. ज्यांनी माणसे विकत घेतली, विकली, किंवा जन्मभर आपल्या घरी राबवून घेतली, अशा आपल्याच थोर पुरुषांचे पुतळे चौकात ठेवावेत काय, असे आता तेथील लोक आपापल्या नगरपालिकांना विचारीत आहेत.

इंग्लंडातील ब्रिस्टल शहराचे उदाहरण पुष्कळांच्या वाचनात आले असेल. एडवर्ड कोल्स्टन हा तेथील धनाढ्य व्यापारी 1721 साली वारला. शाळा, अनाथालये, देवळे यांना त्याने भरघोस देणग्या दिल्या, म्हणून त्याच्या मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांनी, 1895 साली, त्याचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. पुतळ्याखालील लेखात त्याच्या सद्गुणांची वाखाणणी होती. हा पैसा आला कोठून, याविषयी मात्र त्या लेखात अक्षर नव्हते. कोल्स्टन हा रॉयल आफ्रिकन कंपनीचा एक प्रमुख भागीदार होता, आणि त्याच्या संबंधाच्या काळात या कंपनीने सुमारे 84 हजार आफ्रिकन माणसे गुलाम म्हणून समुद्रापार नेली, त्यांपैकी सुमारे 19 हजार वाटेतच मेली, असा अंदाज आहे. 7 जून 2020 रोजी जमावाने दोर लावून तो पुतळा पाडला, रस्त्यावरून ओढीत नेला आणि बंदराच्या पाण्यात ढकलून दिला. ज्या बंदरात त्या व्यापाराची जहाजे ये-जा करीत, तेच ते बंदर.

अशा प्रसंगी एक आक्षेप हटकून घेतला जातो, की पुतळा पाडणे म्हणजे इतिहास पुसून टाकणे होय. हा आक्षेप ऐकावयास भारदस्त वाटतो, पण तो टिकत नाही. इतिहास दप्तरांत असतो, खतांत असतो, जमाखर्चाच्या वह्यांत असतो. चौकातला पुतळा हे मानपत्र आहे. ते कागदाऐवजी धातूवर लिहिलेले आहे इतकाच फरक. पुतळा चौथऱ्यावर चढविणारे लोक येणाऱ्या जाणाऱ्याला इतकेच सांगत असतात, की या माणसाकडे मान वर करून पाहा. मानपत्र एका पिढीने दिले म्हणून पुढच्या सर्व पिढ्यांनी ते वाचीत राहिले पाहिजे, असा नियम कोणत्याच समाजात नाही. ब्रिस्टलचा पुतळा पाण्यातून काढून संग्रहालयात आडवा ठेवला गेला, रंगाचे डाग तसेच राखून. आणि कोल्स्टनचा खरा इतिहास शहरातील शाळकरी मुलांना पुतळा उभा असताना जितका कळत नव्हता, तितका तो आडवा झाल्यावर कळू लागला.

तथापि सर्वांनाच एका दोराने ओढावे असा याचा अर्थ होत नाही. पुतळा कोणत्या कृत्याबद्दल उभारला गेला, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील रिचमंड शहरात 1890 साली जनरल रॉबर्ट ली याचा भव्य अश्वारूढ पुतळा उभारला गेला. ली याचा मोठेपणा तरी कोणता? दक्षिणेतील गुलामगिरी टिकविण्यासाठी फुटून निघालेल्या संस्थानांच्या बाजूने तो लढला. तो मान आणि ती गुलामगिरी यांना वेगळे करताच येत नाही; एक खरवडले तर दुसरे उरत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये तो पुतळा उतरविण्यात आला, ते योग्यच झाले. थॉमस जेफर्सनचे प्रकरण याहून अवघड आहे. सर्व माणसे समान आहेत असे जाहीर करणारा हा पुरुष हयातभरात सहाशेंहून अधिक गुलामांचा मालक होता. न्यूयॉर्कच्या नगरसभागृहातून त्याची मूर्ती त्याच साली हलवून एका ऐतिहासिक संस्थेत ठेवण्यात आली. जेफर्सनला मान मिळाला तो गुलाम बाळगल्याबद्दल नव्हे. तो समतेच्या जाहीरनाम्याबद्दल मिळाला. म्हणून त्याला हलविण्यापेक्षा त्याच जागी दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी कोरणे अधिक कठोर झाले असते, आणि अधिक न्यायाचेही.

हे सर्व परदेशचे झाले. ‘आपल्याकडे गुलामगिरी नव्हतीच’ असे म्हणून पुष्कळ मराठी वाचक येथे पान उलटतील. त्यांनी जरा थांबावे. पेशवाईच्या दप्तरात कुणबिणी आणि बटकी यांचे उल्लेख जागोजाग आहेत. दुष्काळात पोटासाठी विकल्या गेलेल्या, स्वारीत पकडून आणलेल्या, बदकर्माच्या आरोपाखाली सरकारजमा झालेल्या या स्त्रिया किल्ल्यांवर, कोठ्यांत, पागांत आणि सरदारांच्या वाड्यांत राबत. त्यांची खरेदीविक्री होई, त्या बक्षीस म्हणून दिल्या जात. कंपनी सरकारने 1843 च्या पाचव्या कायद्याने आपल्या मुलखापुरती गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. संस्थानांना तो कायदा लागू नव्हता. बडोदे हे संस्थान होते.

या ठिकाणी मुंबईच्या एका पुतळ्याची हकीकत सांगणे भाग आहे, कारण तिचा धागा बडोद्याशी जुळलेला आहे. राणी व्हिक्टोरियाची मॅथ्यू नोबल याने घडविलेली संगमरवरी मूर्ती 1872 साली एस्प्लनेडवर बसविण्यात आली. तिच्यासाठी द्रव्य दिले ते बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी. अनावरण पाहावयास ते उरले नाहीत. 1870 च्या नोव्हेंबरात त्यांचा मृत्यू झाला होता. त्या मूर्तीला 1896 साली कोणी डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली. हे कृत्य आपले, असे पुढे दामोदर चापेकर यांनी सांगितले. स्वातंत्र्यानंतर ती मूर्ती भायखळ्याच्या संग्रहालयाच्या आवारात जाऊन बसली आणि मुंबईने मोकळा श्वास घेतला. राणीचा निवाडा असा लागला. दात्याच्या वाड्याचा निवाडा कोणी केला नाही.

तो वाडा कसा होता हे लवकरच उघड झाले. खंडेरावांमागून त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्या, तेव्हा 1873 च्या अखेरीस कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बडोद्यास बसले. सावकार, शेतकरी, सरदार यांच्या गाऱ्हाण्यांबरोबर आणखी एक गाऱ्हाणे त्या मंडळापुढे आले. अब्रूदार घरांतील विवाहित आणि अविवाहित स्त्रिया बळजबरीने धरून नेऊन राजवाड्यात लौंडी म्हणून ठेवल्या जात असल्याचे ते गाऱ्हाणे होते. लौंडी म्हणजे घरची गुलाम.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. 1874 च्या नोव्हेंबरात रेसिडेंट कर्नल फेयर यांच्यावर विषप्रयोग झाल्याचा बोभाटा झाला; खटल्यात तिघा युरोपीय सभासदांनी मल्हाररावांना दोषी मानले, तिघा हिंदी सभासदांना ते पटले नाही; आणि एप्रिल 1875 मध्ये मल्हारराव पदच्युत होऊन मद्रासेस पाठविले गेले. मुंबई-पुण्याचे लोकमत मल्हाररावांच्या बाजूने हळहळले. त्यात देशाभिमान होता, आणि इंग्रजांचा हेतू शुद्ध नव्हता हेही खरेच. पण या गदारोळात एक गोष्ट घडली. मराठी माणसाच्या स्मरणात सोमल राहिला, खटला राहिला, दुभंगलेला निकाल राहिला, आणि लौंडी गळून पडल्या. चौकशी करणारा लबाड असला म्हणून साक्ष देणारीचे दुःख खोटे ठरत नाही. हे त्या वेळी फार थोड्यांना सुचले. आजही ते सुचावयास जड जाते, कारण पहिली दृष्टी स्वकीयाच्या अब्रूकडे जाते.

मग सयाजीरावांचा काळा घोडा उतरवावयाचा काय? मुळीच नाही. वरची कसोटी येथे लावून पाहावी. कावळाण्याच्या शेतकरी घरातून 1875 साली दत्तक आलेल्या या राजाला मान मिळाला तो अमरेलीत 1893 साली आणि 1906 साली सर्व राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केल्याबद्दल, अंत्यजांसाठी शाळा उघडल्याबद्दल, गावोगाव ग्रंथालये नेल्याबद्दल. या कृत्यांतून ज्या घराण्याच्या गादीवर ते बसले त्या घराण्याचा जुना दोष वजा करावा लागत नाही. परंतु तो लपविण्याचेही कारण नाही.

बडोद्याने या दिशेने एक पाऊल टाकलेले आहे, आणि ते याच बागेत. 1913 साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेले भीमराव आंबेडकर 1917 साली संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले. कोणी त्यांना घर देईना. कचेरीतील वागणूक अपमानाची होती. पारशी असल्याचे सांगून ज्या पारशी विश्रांतिगृहात ते उतरले होते, तेथे काठ्या घेतलेला जमाव चालून आला. रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी काही तास याच कमाठीबागेत काढले. आज तेथे त्या प्रसंगाचे स्मारक आहे, संकल्पभूमी म्हणून ते ओळखले जाते. बागेच्या दारी शिष्यवृत्ती देणारा राजा आणि आत त्याच राजाच्या नगराने घालवून दिलेला विद्यार्थी. राजाला उतरवून विद्यार्थ्याला जागा करावी लागली नाही, आणि राजाच्या गौरवासाठी विद्यार्थ्याची कथा दडपावी लागली नाही. दोन्ही पाहणारा माणूस बडोद्याविषयी अधिक खरे काही घेऊन घरी जातो.

अर्थात याला एक अट आहे. आंबेडकरांनी स्वतःची हकीकत स्वतः लिहून ठेवली, आणि त्यांच्यामागे कोट्यवधी लोक उभे आहेत. वाड्यातील लौंडीने काही लिहिले नाही. तिच्या वंशाचे म्हणून आज कोणी अभिमानाने पुढे येणार नाही. या दास्याचा तो शेवटचा घाव. अशा स्मारकाची मागणी करणारे मंडळ निघणार नाही, मोर्चा निघणार नाही, मतपेटीवर परिणाम होणार नाही. म्हणून हे काम ज्यांना कोणी भाग पाडीत नाही, त्यांनाच करावे लागेल. राजघराण्याचा अभिमान बाळगणारे मराठी बडोदेकर, विद्यापीठातील इतिहासाचे अध्यापक आणि नगरपालिका, असे ते लोक होत.

आणि ते वेळेवर करावे लागेल. ब्रिस्टलमध्येही कोल्स्टनच्या चौथऱ्यावर दुसरा लेख बसवावा असे ठरत आले होते. त्यात गुलामांची संख्या किती स्पष्ट लिहावी, दानधर्माचा उल्लेख आधी यावा की नंतर, कोणता शब्द सौम्य करावा, यावर सभ्य गृहस्थांची वर्षभर घासाघीस झाली, आणि 2019 साली तो लेख तसाच अडकून पडला. पुढच्याच वर्षी दोर आले. पुतळा पाडल्याबद्दल चौघांवर खटला झाला, आणि जानेवारी 2022 मध्ये ज्यूरीने त्यांना सोडून दिले. लेखाच्या मसुद्यावर भांडणाऱ्यांपैकी कोणाचाच मसुदा कामी आला नाही.

बडोद्यासाठी असा मसुदा लांबलचक नको. राजवाड्यांची यादी, वंशावळ आणि पराक्रम हे सर्व ठिकठिकाणी आहेच. त्याच्या शेजारी एक साधी शिळा पुरेल, काळ्या घोड्याएवढी उंच असण्याची गरज नाही. तिच्यावर मराठीत आणि गुजरातीत इतके असावे, की या संस्थानाच्या राजवाड्यात स्त्रियांना बळजबरीने आणून लौंडी म्हणून ठेवले जाई, अशी तक्रार 1873 च्या चौकशीत पुढे आली. आणि ‘लौंडी’ हा शब्द बदलून त्या जागी ‘सेविका’ असा कोणी घालू नये.