गुप्त किल्ली आणि तिची अट

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात लेथवर दांडा कातणाऱ्या कारागिरास नकाशावरील टॉलरन्स बदलण्याची मुभा नसते. काम लवकर उरकावयाचे, तर तो हत्याराची धार, फेऱ्यांचा वेग आणि कापाची खोली यांचा मेळ बसवितो. याच पीण्यात इस्रोच्या उपग्रहांचा मागोवा घेणारे 'इस्ट्रॅक' केंद्र आहे. उद्या उपग्रहावरून प्रकाशकणांच्या द्वारे गुप्त किल्ली पाठवावयाची झाली, तर प्रश्न या कारागिराचाच असेल.

बेनेट व ब्रासार्ड यांनी १९८४ साली सुचविलेली युक्ती अशी : किल्लीचा एकेक बिट एकेका प्रकाशकणावर चढवून पाठवावा. वाटेत कोणी तो वाचू पाहिला, तर कणाची अवस्था बिघडते आणि चुका वाढतात. चुकांचे प्रमाण नमुन्यावरून अजमावतात. म्हणून फसगतीची शक्यता किती चालेल, हे आधीच ठरवावे लागते. चीनच्या 'मिशियस' उपग्रहाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ती अब्जात एक धरली होती. २७३ सेकंदांत सुमारे १६ लाख ७१ हजार बिट जुळले. सर्व वजावट होऊन किल्ली उरली ती सुमारे ३ लाख बिटांची.

एवढी घट पाहून अटच ढिली करावी, असा मोह होतो. पण ही वजावट लॉगरिदमच्या हिशेबाने चालते. अट हजारपट सैल केली, तरी थेट वाचतात ते काही डझन बिट. अनुमानातील चुकीसाठी राखलेली सूट मात्र सुमारे पंचमांशाने घटते, आणि नमुना तोकडा असेल तर ती जाणवते. परंतु तोकड्या नमुन्यावर अधिक विसंबणे, हा कसला शहाणपणा?

खरी कमाई अन्यत्र आहे. लेसरचा स्पंद फार तेजस्वी ठेवला, तर एकाच स्पंदात दोन कण जातात व एक चोरास सापडतो. फार मंद ठेवला, तर बहुतेक स्पंद रिकामेच जातात. म्हणून 'मिशियस'ने सरासरी ०.८ कणांच्या स्पंदांत ०.१ कणांचे व अगदी रिकामे असे फसवे स्पंद मिसळले होते. दोन मापनपद्धती समसमान वापरल्या, तर निम्मे बिट वाया जातात. एकीकडे झुकते माप दिले, तर बिट वाचतात, पण तपासणीस नमुना अपुरा पडतो.

बंगळूरच्याच रामन संशोधन संस्थेने २०२१ साली दोन इमारतींमधील ५० मीटर मोकळ्या हवेतून अशी किल्ली पाठविली. तेथे हवा तितका वेळ थांबता येते. खालच्या कक्षेतील उपग्रह काही मिनिटांतच मावळतो. तेव्हा हे प्रमाण अंतर व गळती पाहून आधीच गणून ठेवावे लागते, किंवा अनेक फेऱ्यांचे बिट एकत्र करून किल्लीसाठी थांबावे लागते.

२०२३ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनने देशांतर्गत २,००० किलोमीटरवरील भूकेंद्रांना उपग्रहाने असे जोडण्याचे उद्दिष्ट ठेविले आहे. त्या यंत्रांच्या निविदेत 'सेकंदाला इतके बिट' एवढेच लिहून भागणार नाही. फसगतीची शक्यता किती धरली आणि किती बिटांच्या राशीवर, हे दोन आकडे शेजारी नसतील, तर दोन यंत्रांची तुलनाच करता येत नाही.