नर्मदा, तुकड्यातुकड्यांनी

फिरून आलो, की आपण ठिकाणं मोजतो. पुढचा प्रवास ठरवायला हा हिशेब फारसा उपयोगी नाही. विचारायचं ते असं... आपले पाय कुठे रेंगाळले होते? जबलपूरचे अमृतलाल वेगड घ्या. चित्रकलेचे शिक्षक. नर्मदा त्यांच्या गावचीच. 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ते जबलपूरहून मंडल्याकडे पायी निघाले. नर्मदेची अख्खी परिक्रमा एका दमात नाही... जमेल तसा एकेक टप्पा. मग घरी परतून रेखाटनं, कोलाज, लेखन. आणि पुन्हा पुढचा टप्पा.

कुणी म्हणेल, ही कसली परिक्रमा? ती अखंडच चालायची असते. परंपरेचा तो मान आहेच. पण नोकरी-संसार असलेल्यानं काय करावं... निवृत्तीची वाट बघावी? वेगडांच्या त्या पहिल्या वाटेचा बराच भाग पुढे बरगी धरणाच्या पाण्याखाली गेला. थांबले असते, तर ती वाट चालायला उरलीच नसती. शिवाय दोन टप्प्यांच्या मधे घर येतं. पाहिलेलं तिथं मुरतं, लोणच्यासारखं. म्हणून पुन्हा सांगतो... आधी मागचा प्रवास आठवा, मग पुढचा ठरवा. तुमच्याही गावाजवळ एखादी नदी असेल. तिच्या वरच्या अंगाला पहिलं गाव कोणतं लागतं?