निपाणीची तंबाखू आणि आपले दायित्व



‘तंबाखू सोडा’ हा उपदेश अन्यत्र सोपा असेल. निपाणी-बेळगावच्या परिसरात तो तितका सोपा नाही. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ साली निपाणीत आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला व काहींना प्राणांस मुकावे लागले. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या चुली याच पानावर पेटल्या. आपल्यापैकी कित्येकांची फीदेखील याच पिकाच्या पैशातून भरली गेली.

परंतु या ऋणामुळे सत्य झाकता येत नाही. विडीच्या धुराप्रमाणेच चघळलेल्या तंबाखूतूनही कर्करोग उद्भवतो. तोंडातील बरा न होणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे, ही लक्षणे दिसताच तपासणी करून घ्यावी. रोग लवकर ओळखला गेला तर बरा होण्याची शक्यता पुष्कळ असते.

शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री २००३ च्या कायद्याने निषिद्ध केली आहे. भारताने २००४ साली स्वीकारलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराचे सतरावे कलम मात्र क्वचितच कोणाच्या स्मरणात असते. तंबाखूवर जगणाऱ्या शेतकरी-कामगारांसाठी पर्यायी उपजीविकेस चालना द्यावी, असे ते सांगते.

माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यात डॉक्टर आहेत, कृषितज्ज्ञ आहेत, व्यापारीही आहेत. शेतकऱ्याला दुसरे पीक आणि विडी वळणाऱ्या भगिनीला दुसरे काम मिळवून देणे हेही कर्करोग-प्रतिबंधाचेच कार्य होय. ते आपण अंगीकारावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.