दप्तराची दुसरी प्रत

भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्यात आज आपण डोकावलो, तर किर्द-खतावणीची लाल चोपडी दिसली तर दिसेल, आणि तीही पाडव्याच्या वहीपूजनापुरती. बाकी सारे दप्तर संगणकात गेले आहे. टॅलीमधील हिशेब, कामगारांच्या हजेऱ्या, प्रॉव्हिडंट फंडाचा तपशील, चाकणच्या मोटार कारखान्यांकडून आलेली ड्रॉइंगे, सीएनसी यंत्राचे प्रोग्राम, मालाच्या तपासणीचे दाखले, सगळे एका पेटीत. यंत्र मोडले तर दुरुस्त करता येते, कर्ज काढून नवेही घेता येते. पण कोणाकडून किती येणे आहे हे सांगणारा कागदच उरला नाही, तर येणे मागायचे कोणत्या आधारावर? आणि महिनाअखेर कामगारांचे पगार भागवायचे कसे?

ही चिंता आजची नव्हे. आपल्याकडचे जुने ताम्रपट पाहा. एका दानपत्राचे दोन-तीन पत्रे असले, तर ते कडीत ओवीत आणि कडीच्या सांध्यावर राजमुद्रा बसवीत. मधला पत्रा काढून दुसरा घालावयाचा, तर मुद्रा मोडावी लागे. मराठी दप्तरांतही कागद कागदास चिकटवून लांब पत्र केले, की पाठीमागे जोडावर शिक्का मारण्याची चाल होती. दप्तराला दोन भये असतात, एक नाशाचे आणि दुसरे फेरफाराचे, हे त्या लोकांनी ओळखले होते. नाशाचे भय पुण्याला वेगळे सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. अशा वेळी मूळ वही आणि तिची नक्कल एकाच कपाटात असली, तर नक्कल असून नसल्यासारखीच.

कुणी म्हणेल, ‘आमच्याकडे रोज बॅकअप घेतात.’ घेत असतील. पण तो ठेवतात कोठे, हे विचारावे. पुष्कळदा उत्तर येते, की त्याच संगणकाला कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवर. रॅन्समवेअर नावाचा जो दरोड्याचा प्रकार आहे, त्यात चोर फायली नेतो किंवा न नेतो, पण त्या जागच्या जागी कुलूपबंद करतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. जोडून ठेवलेली डिस्क त्याला घरातल्या दुसऱ्या खोलीसारखी. तीही तो बंद करतो. २०२१ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या २७ सर्व्हरांवर असाच हल्ला झाला, बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली, आणि प्रकरण पोलिसांत गेले. तेव्हा हा धोका आपल्या वेशीच्या आत येऊन गेलेला आहे.

याहून बोधप्रद हकीकत न्हावाशेवा बंदराची आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक त्याने जगभर बंद पाडले, आणि न्हावाशेव्याला त्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. खंडणी भरूनही फायली उघडणार नव्हत्या. ती सोयच ठेवलेली नव्हती. सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले, असे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले. कोणत्या संगणकाला कोठे प्रवेश, याची मुख्य नोंद तिच्या सुमारे दीडशे सर्व्हरांवर होती. पण ते सारे एकमेकांशी जोडलेले, म्हणून सारे एकदमच पुसले गेले. वाचला फक्त घाना देशातला एक. कारण त्या वेळी तेथे वीज गेली होती! दीडशे प्रतींनी जे साधले नाही, ते तारेपासून तुटलेल्या एका प्रतीने साधले.

फेरफाराचे भय याहून मुकाट असते. नोकरी सोडून जाणारा माणूस जुन्या बिलातील आकडा बदलतो, आणि रात्री बॅकअप निघतो तो त्या खोट्या आकड्याचाच. म्हणून कालच्या एका प्रतीवर भागत नाही. आठवड्याची, महिन्याची, वर्षअखेरची अशा जुन्या प्रतीही वेगळ्या जपाव्या लागतात. नोंदणीकृत कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून कायद्यानेच असे सॉफ्टवेअर सक्तीचे केले आहे, की हिशेबातील प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहील आणि ती बंद करता येणार नाही. त्यांच्या हिशेबाची प्रत रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर पडली पाहिजे, आणि पुस्तके आठ वर्षे जपली पाहिजेत, हाही नियमच आहे.

मग लहान कारखानदाराने करावे काय? फार खर्चाचे काही नाही. मूळ धरून तीन प्रती असाव्यात. दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात. एक कारखान्याच्या बाहेर असावी. दोन डिस्का घेऊन आलटून पालटून वापराव्यात. काम झाले की डिस्क काढून तिजोरीत किंवा घरी न्यावी. क्लाउड घेतला, तर ठरावीक मुदतीपर्यंत फाईल कोणालाच बदलता वा पुसता येणार नाही, असे बंधन काही सेवांत घालता येते, ते घालावे. बॅकअपचा पासवर्ड रोजच्या कामाच्या पासवर्डहून निराळा असावा, आणि तो एकट्या हिशेबनिसाच्याच डोक्यात नसावा.

शेवटचे काम बहुतेकांकडून राहून जाते. प्रत घेतली म्हणजे ती उघडेल अशी आपण समजूत करून घेतो. ज्यांचा कारखाना गुरुवारी बंद असतो, त्यांनी महिन्यातला एक गुरुवार यासाठी राखावा. दुसरा संगणक घ्यावा, त्यावर ती प्रत उतरवावी, मागच्या वर्षातले एखादे बिल, एखादे ड्रॉइंग, एखाद्या कामगाराची हजेरी काढून पाहावी, आणि किती तास लागले ते लिहून ठेवावे. काही उघडले नाही, तर दुरुस्तीला अजून वेळ आहे. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होईल तेव्हा यंत्रावरच्या माणसाला यातले काही कळणारही नाही. त्याचा पगार मात्र महिनाअखेर वेळेवर होईल.